मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या

सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या (जन्म : १५ सप्टेंबर १८६१, मुद्देनहळ्ळी; मृत्यू : एप्रिल १९६२, बंगळूर) हे भारतीय स्थापत्य अभियंते, म्हैसूर संस्थानाचे दिवाण आणि नियोजनबद्ध अर्थव्यवस्थेचे आरंभीचे पुरस्कर्ते होते. कृष्णराजसागर धरण आणि म्हैसूरचे औद्योगिकीकरण यांच्याशी त्यांचे नाव प्रामुख्याने जोडले जाते. मात्र त्यांच्या सेवेतील पहिली जवळजवळ पंचवीस वर्षे मुंबई इलाख्यात गेली. त्यांच्या दोन महत्त्वाच्या कल्पना पुणे परिसरात आकाराला आल्या. पहिली म्हणजे १९०३ मध्ये खडकवासला धरणावर बसवलेले स्वयंचलित दरवाजे. दुसरी म्हणजे कालव्याच्या पाणीवाटपाची ब्लॉक पद्धत. ब्लॉक पद्धतीत परस्परविरोधी हितसंबंध असलेल्या शेतकऱ्यांना एकाच मर्यादित साठ्यातून पाणी कसे द्यावे, या प्रश्नाला नियमांच्या रचनेतून उत्तर शोधले होते. त्यामुळे पुढे अर्थशास्त्रात विकसित झालेल्या खेळ सिद्धांताच्या, म्हणजेच गेम थिअरीच्या, संदर्भात तिचा विचार करता येतो.

बालपण आणि शिक्षण

विश्वेश्वरय्या यांचा जन्म तत्कालीन म्हैसूर संस्थानातील चिक्कबळ्ळापूरजवळच्या मुद्देनहळ्ळी या खेड्यात झाला. वडील श्रीनिवास शास्त्री हे संस्कृत पंडित होते. आईचे नाव वेंकटलक्ष्मम्मा. मोक्षगुंडम हे त्यांच्या पूर्वजांचे आंध्रातील गाव असून त्यावरून कुटुंबाला हे नाव मिळाले. लहानपणीच पितृछत्र हरपल्याने घरची परिस्थिती बेताची होती. प्राथमिक शिक्षण चिक्कबळ्ळापूर येथे झाले. शिकवण्या करून त्यांनी बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजमधून १८८१ मध्ये बी. ए. ची पदवी मिळवली.

त्यानंतर म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याला आले आणि कॉलेज ऑफ सायन्समध्ये दाखल झाले. ही संस्था पुढे पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाली. १८८३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या एल. सी. ई. परीक्षेत ते पहिले आले. या यशामुळे त्यांना मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात थेट नेमणूक मिळाली.

मुंबई इलाख्यातील सेवा

१८८४ मध्ये विश्वेश्वरय्या साहाय्यक अभियंता म्हणून नाशिक येथे रुजू झाले. थोड्याच काळात त्यांची खानदेशात बदली झाली. धुळे परिसरात पांझरा नदीवर नळाचा वक्रनलिका मार्ग बांधण्याचे काम त्यांनी ऐन पावसाळ्यात पार पाडले. नदीच्या पुरामुळे हे काम पुढे ढकलावे असे त्यांना वाटत होते. तरीही वरिष्ठांच्या आग्रहामुळे त्यांनी ते हाती घेऊन पूर्ण केले.

पांझरा, मोसम, गिरणा या नद्यांच्या खोऱ्यांत फड पद्धत शतकानुशतके चालत आली होती. या पद्धतीत बंधाऱ्याखालील जमिनीचे काही फड पाडले जात. एका फडात एका हंगामात एकच पीक घेतले जाई आणि उसासारखे जास्त पाण्याचे पीक आलटूनपालटून वेगवेगळ्या फडांत फिरे. पाणी सोडण्याचे काम गावाने नेमलेला पाटकरी करी. पाणी कमी असल्यास त्या वर्षी भिजवायचे फडच कमी केले जात. त्यामुळे टंचाईचा भार एकाच कोणावर न पडता सर्वांमध्ये वाटला जाई. विश्वेश्वरय्या यांच्या पुढील ब्लॉक पद्धतीशी या व्यवस्थेचे साम्य उघड आहे.

१८९४ पासून त्यांनी सिंधमधील सक्कर शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम केले. नंतर सुरत येथे काम करून ते पुण्यात आले. १८९८ मध्ये त्यांनी जपानचा प्रवास केला. तेथील शिक्षण आणि उद्योग यांचा त्यांच्या आर्थिक विचारांवर कायमचा ठसा उमटला. पुण्याच्या वास्तव्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे, गोपाळ कृष्ण गोखले आदींच्या वर्तुळाशी त्यांचा निकटचा संबंध आला. डेक्कन क्लबच्या स्थापनेतही त्यांचा पुढाकार होता.

खडकवासला धरण आणि स्वयंचलित दरवाजे

पुण्याच्या नैर्ऋत्येस मुठा नदीवर खडकवासला येथे १८६९ ते १८७९ या काळात दगडी धरण बांधण्यात आले. अभियंता फाइफ यांच्या नावावरून जलाशयाला फाइफ तलाव म्हणत. पुणे शहर व छावणीला पिण्याचे पाणी देणे आणि मुठेच्या उजव्या व डाव्या कालव्यांतून पूर्वेकडील अवर्षणप्रवण भागात सिंचन करणे, अशी त्याची दोन उद्दिष्टे होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या दोन्ही गरजा वाढल्या आणि साठा अपुरा पडू लागला.

साठा वाढवण्याचा सरळ उपाय म्हणजे सांडव्याची उंची वाढवणे. पण कायमची भिंत उभारली, तर मोठ्या पुराच्या वेळी पाण्याची पातळी धरणाला धोका पोहोचेल इतकी चढण्याची भीती होती. पावसाळ्यात पाणी अडवावे तर पूर अंगावर येतो आणि सोडून द्यावे तर उन्हाळ्यात टंचाई येते, असा हा पेच होता. विश्वेश्वरय्या यांनी सांडव्यावर हलणारे दरवाजे बसवण्याची योजना मांडली. तरंगते आणि प्रतिभार यांच्या योजनेमुळे ठरलेल्या पातळीपर्यंत हे दरवाजे पाणी अडवून धरत. पाणी त्या पातळीच्या वर गेले की ते आपोआप उघडत आणि पूर ओसरला की पुन्हा मिटत. त्यासाठी माणसाने दरवाजा फिरवण्याची गरज नव्हती. या रचनेमुळे मूळ सांडव्याच्या वर सुमारे ८ फूट पाणी साठवता येऊ लागले आणि धरणाची भिंत न वाढवता साठ्यात सुमारे एकचतुर्थांश भर पडली.

१९०३ मध्ये खडकवासला येथे प्रथम बसवलेल्या या दरवाजांचे एकस्व विश्वेश्वरय्या यांच्या नावे नोंदले गेले. पुढे ग्वाल्हेरजवळील तिगरा धरणावर आणि म्हैसूरमधील कृष्णराजसागर धरणावरही हेच तत्त्व वापरण्यात आले.

पाणीवाटपाचा प्रश्न

साठा वाढल्याने पाणी कोणाला आणि किती द्यायचे हा प्रश्न सुटला नाही. दख्खनमधील कालवे मुख्यतः दुष्काळापासून संरक्षण देण्यासाठी बांधले गेले होते. शक्य तितक्या गावांना ज्वारी-बाजरीसारख्या पिकांसाठी एखाद-दुसरे पाणी देऊन हंगाम वाचवणे, हा त्यांमागील हेतू होता. प्रत्यक्षात पाणी कालव्याच्या तोंडाकडील गावांत आणि उसाच्या मळ्यांत जिरू लागले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांनी ही विसंगती ठळक केली.

यामागे शेतकऱ्यांचा अडाणीपणा नव्हता, तर हिशेबी निर्णय होता. त्या काळी पाण्यासाठी हंगामागणिक अर्ज करावा लागे. बाजरी पेरलेल्या शेतकऱ्याने आधीच पाणी मागितले आणि पुढे पाऊस चांगला झाला, तर पाणीपट्टी वाया जाई. म्हणून तो पावसाची वाट पाहत थांबे. सर्वच जण असे थांबत. पाऊस चांगला झालेल्या वर्षी कालव्याच्या पाण्याला गिऱ्हाईक नसे. पावसाने ओढ दिली की सगळ्यांचे अर्ज एकदम येत आणि पाणी पुरत नसे. बारमाही पाणी घेणारा ऊस उत्पादक हा खात्याच्या दृष्टीने खात्रीचा ग्राहक ठरे. त्यामुळे दुष्काळनिवारणासाठी खोदलेला कालवा उसाचा कालवा बनत गेला.

दुसरी अडचण भूगोलाची होती. पाणी आधी पोहोचे ते तोंडाकडील शेतकऱ्याकडे. पुढच्या वेळी पाणी कधी मिळेल याची खात्री नसल्याने तो मिळेल तेव्हा भरपूर भरून घेई. जादा पाण्याने त्याची जमीन पाणथळ व खारवट होई, वस्तीत हिवताप पसरे आणि शेवटच्या टोकाकडील शेतकऱ्याची चारी कोरडी राही. तोंडाकडील एखाद्याने स्वतःहून कमी पाणी घेतले, तरी वाचलेले पाणी शेजारीच वापरून टाकी. परिणामी संयम पाळणाऱ्याला त्याचा लाभ मिळत नसे.

पाळीपद्धत आणि विरोध

पुणे विभागाच्या सिंचनाची जबाबदारी आल्यावर विश्वेश्वरय्या यांनी मुठा कालव्यांवर ठरावीक दिवसांच्या अंतराने आळीपाळीने पाणी देण्याची पद्धत सुरू केली. पुण्याजवळच्या बागायतदारांनी तिला तीव्र विरोध केला. त्यांच्या दृष्टीने हा विरोध निराधार नव्हता. उसाच्या लागवडीत बेणे, खत आणि मजुरी यांवर आधीच मोठा खर्च झालेला असे. पाळी एकदा चुकली, तर सारे भांडवल धोक्यात येई. अमर्याद पाण्याची सवय झालेल्या या वर्गाला नव्या पद्धतीत तोटाच दिसत होता आणि सरकार आपला शब्द पाळील यावर विश्वास नव्हता. स्थानिक वृत्तपत्रांतूनही टीका झाली. तांत्रिकदृष्ट्या योग्य असलेली पाळी केवळ आदेशाने लादता येत नाही, हे या विरोधामुळे स्पष्ट झाले.

ब्लॉक पद्धत

या अनुभवातून पुढे आलेली ब्लॉक पद्धत म्हणजेच गट पद्धत होय. ती नीरा डाव्या कालव्यावर, बारामतीच्या परिसरात, १९०३ च्या सुमारास प्रथम अमलात आली. तिची प्रमुख वैशिष्ट्ये पुढीलप्रमाणे होती.

पहिले, सिंचनाचा लाभ अधिकाधिक गावांत पसरवायचा, पण प्रत्येक गावात योग्य निचरा असलेल्या निवडक जमिनींचे मर्यादित गट आखायचे. गटाबाहेर बारमाही पाणी द्यायचे नाही.

दुसरे, गटाच्या सुमारे एकतृतीयांश क्षेत्रावर ऊस घ्यायचा आणि उरलेल्या क्षेत्रावर कमी पाण्याची हंगामी पिके घ्यायची. उसाची जागा फिरती ठेवायची, म्हणजे जमिनीचा कस टिकेल आणि तीन वर्षांत उसाची फेरी पूर्ण होईल.

तिसरे, पाण्याचा करार एका हंगामाचा न ठेवता अनेक वर्षांचा करायचा. पुढे सहा वर्षांची मुदत रूढ झाली. या काळात सरकारने ठरलेल्या पाळीने पाणी देण्याची हमी घ्यायची आणि शेतकऱ्याने पाणीपट्टी भरण्याची.

तिसऱ्या वैशिष्ट्याला आर्थिकदृष्ट्या सर्वाधिक महत्त्व आहे. ऊस शेतात वर्षभर, तर आडसाली ऊस सुमारे दीड वर्ष उभा असतो. पाण्याची हमी नसताना त्यात भांडवल घालणे जुगारासारखे होते. दीर्घ करारामुळे शेतकरी निश्चिंत झाला. पुढची पाळी निश्चित मिळणार असल्याने आज जादा पाणी भरून घेण्याचे कारणही कमी झाले. सरकारलाही चांगल्या पावसाच्या वर्षी उत्पन्न बुडण्याची भीती राहिली नाही. दोन्ही पक्षांनी एकमेकांना बांधून घेतल्याने दोघांचाही लाभ झाला.

सर कॉलिन स्कॉट-मॉनक्रिफ यांच्या अध्यक्षतेखालील भारतीय सिंचन आयोगाने (१९०१-०३) दख्खनच्या कालव्यांचा विचार केला. विश्वेश्वरय्या यांनी आयोगापुढे साक्ष दिली आणि आयोगाने त्यांच्या योजनेला अनुकूलता दर्शवली. नंतर ही पद्धत मुंबई इलाख्यातील इतर कालव्यांवर पसरली आणि स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्राच्या सिंचन व्यवहारातही तिचे अंश टिकून राहिले.

खेळ सिद्धांताच्या संदर्भात

एकाच्या निर्णयाचे फळ इतरांच्या निर्णयांवर अवलंबून असते, अशा परिस्थितींचा अभ्यास खेळ सिद्धांत करतो. जॉन फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्या १९४४ मधील ग्रंथाने त्याला अर्थशास्त्रात स्थान मिळवून दिले. जॉन नॅश यांनी १९५० च्या सुमारास समतोलाची संकल्पना मांडली. इतरांचे वर्तन तेच राहिल्यास कोणालाही एकट्याने आपला निर्णय बदलून फायदा होत नाही, ती स्थिती म्हणजे नॅश समतोल. ब्लॉक पद्धत या सिद्धांताच्या कितीतरी आधीची असून विश्वेश्वरय्या यांनी तिची मांडणी या परिभाषेत केलेली नाही. तरीही दख्खनच्या कालव्यांवरील स्थिती हे अशा समतोलाचे उत्तम उदाहरण ठरते.

समजा, एका चारीवर दोन शेतकरी आहेत आणि दोघांनाही पाणी सोडून घेता येते. दोघांनी बेताने पाणी घेतले, तर प्रत्येकाला ६ पोती धान्य होते. एकाने भरमसाट घेतले आणि दुसऱ्याने संयम पाळला, तर पहिल्याला ८ आणि दुसऱ्याला २ पोती मिळतात. दोघांनीही ओढाताण केली, तर प्रत्येकाच्या वाट्याला ३ पोती येतात. शेजारी काहीही करो, प्रत्येकाला जादा पाणी घेणेच फायद्याचे दिसते; म्हणून दोघेही ३ पोत्यांवर अडकतात, जरी ६ पोती शक्य असली. उपदेशाने हा पेच सुटत नाही. त्यासाठी नियम आणि त्यांपासून मिळणारी फळे बदलावी लागतात. पाळी, क्षेत्रमर्यादा आणि दीर्घ करार यांनी नेमके हेच साधले. ठरावीक उद्दिष्ट साधण्यासाठी नियमांची रचना कशी करावी, या विचाराला अर्थशास्त्रात आज यंत्रणा-आरेखन म्हणतात. या शाखेचा पाया घालणाऱ्या लिओनिद हुरविच, एरिक मॅस्किन आणि रॉजर मायरसन यांना २००७ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

सामाईक साधनांच्या व्यवस्थापनावर १९९० मध्ये महत्त्वाचा ग्रंथ लिहिणाऱ्या आणि २००९ च्या अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाच्या मानकरी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी दाखवून दिले की, हद्द स्पष्ट असेल, देखरेख होत असेल आणि नियम ठरवण्यात वापरकर्त्यांचा सहभाग असेल, तर अशी व्यवस्था दीर्घकाळ टिकू शकते. या कसोटीवर ब्लॉक पद्धतीची ताकद आणि उणीव दोन्ही दिसतात. हद्द आणि पाळी तिने स्पष्ट केली. परंतु नियम सरकारी खाते ठरवी आणि देखरेखही तेच करी. खानदेशातील फड पद्धतीत ही सत्ता गावाच्या हाती होती. शिवाय ब्लॉक पद्धतीने उसाला मर्यादा घातली, तशी त्याला पाण्याची कायदेशीर हमीही दिली. कमी पाण्याच्या पिकांकडे पाणी वळवण्याचा मूळ हेतू त्यामुळे अपुराच राहिला आणि कालव्यांच्या क्षेत्रात ऊस वाढत गेला.

हैदराबाद आणि म्हैसूर

१९०८ मध्ये विश्वेश्वरय्या मुंबई सरकारच्या सेवेतून मुदतीपूर्वी निवृत्त झाले. त्याच वर्षी २८ सप्टेंबर रोजी मुसी नदीच्या पुराने हैदराबाद शहरात मोठी प्राणहानी झाली. निझाम सरकारच्या निमंत्रणावरून त्यांनी पूरनियंत्रणाचा अभ्यास करून नदीच्या वरच्या अंगाला साठवण तलाव बांधण्याची शिफारस केली. उस्मानसागर आणि हिमायतसागर हे तलाव त्यातून साकारले.

१९०९ मध्ये ते म्हैसूर संस्थानाचे मुख्य अभियंता झाले. कावेरीवरील कृष्णराजसागर धरणाचे काम १९११ मध्ये सुरू झाले. १९१२ ते १९१८ या काळात ते संस्थानाचे दिवाण होते. म्हैसूर बँक (१९१३), म्हैसूर विद्यापीठ (१९१६) आणि चंदन तेलाचा कारखाना ही या कारकिर्दीतील ठळक कामे होत. ब्राह्मणेतरांना सरकारी नोकऱ्यांत राखीव जागा देण्याच्या प्रश्नावरील मतभेदातून त्यांनी दिवाणपद सोडले. पुढे भद्रावती येथील लोखंड कारखान्याची घडी त्यांनी बसवली.

आर्थिक विचार

विश्वेश्वरय्या यांचा नियोजन अर्थव्यवस्थेवरील ग्रंथ १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. दहा वर्षांत राष्ट्रीय उत्पन्न दुप्पट करणे आणि शेतीवरील लोकसंख्येचा भार कमी करून उद्योगांकडे वळवणे, हे त्यातील योजनेचे सूत्र होते. भारतासाठी मांडलेल्या सुरुवातीच्या सर्वंकष योजनांत या ग्रंथाची गणना होते. यंत्रोद्योगावरील भर हा त्यांच्या आणि महात्मा गांधींच्या विचारांतील मुख्य फरक होता. त्यांनी १९२५ मध्ये भारतीय आर्थिक चौकशी समितीचे अध्यक्षपद भूषवले. नियोजनाआधी विश्वसनीय आकडेवारी हवी, हा आग्रह त्यांनी सातत्याने धरला. १९५१ मध्ये त्यांच्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध झाले.

सन्मान आणि अखेर

ब्रिटिश सरकारने १९१५ मध्ये त्यांना के. सी. आय. ई. हा किताब दिला. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न हा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला. १५ सप्टेंबर हा त्यांचा जन्मदिन देशभर अभियंता दिन म्हणून पाळला जातो. नागपूर येथील विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था त्यांच्या नावाने ओळखली जाते.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले. त्या लोंढ्याने खालच्या अंगाचे खडकवासला धरणही फुटले आणि पुणे शहराची मोठी हानी झाली. त्यानंतर नऊ महिन्यांनी विश्वेश्वरय्या यांचे बंगळूर येथे निधन झाले. खडकवासला धरणाची पुढे दुरुस्ती करण्यात आली आणि आज पानशेत, वरसगाव, टेमघर यांच्यासह ते पुण्याला पाणी पुरवते. त्याच साठ्यातून कालव्याने दौंड व इंदापूर तालुक्यांतील शेतीलाही आवर्तने दिली जातात. शहराने किती घ्यावे आणि कालव्यात किती सोडावे, हा वाद कालवा सल्लागार समितीच्या बैठकांत दरवर्षी नव्याने उभा राहतो. २००५ मध्ये महाराष्ट्राने जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा आणि शेतकऱ्यांच्या सहभागातून सिंचन व्यवस्थापनाचा असे दोन कायदे केले. पाणी मोजून देणे आणि वाटपाचे अधिकार पाणीवापर संस्थांकडे सोपवणे, ही त्यांमागील दिशा आहे. ब्लॉक पद्धतीत अपुरा राहिलेला वापरकर्त्यांचा सहभाग कायद्याने आणण्याचा हा प्रयत्न होय.

हेही पाहा

खडकवासला धरण
नीरा डावा कालवा
फड पद्धत
खेळ सिद्धांत
कृष्णराजसागर